क्ष-किरण फेज काँट्रास्ट टोमोग्राफी: मोजलेल्या तीव्रतेतून अपवर्तन वेगळे कसे काढायचे?

वडाळेकर (धागाकर्ता)

डिटेक्टरला अपवर्तन दिसत नाही. त्याला कळते ते एवढेच, की अमुक पिक्सेलवर अमुक इतके फोटॉन पडले. आणि ती संख्या शोषणामुळे घटली, किरण किंचित वळल्यामुळे घटली, की नमुन्यातल्या सूक्ष्म रचनेने तो विस्कटल्यामुळे घटली, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. या तंत्राची ओळख करून देताना 'यात शोषणाऐवजी अपवर्तनाचे चित्र मिळते' असे म्हणून पुढे जाण्याची रीत आहे, परंतु माझ्या मते सगळा कस लागतो तो त्या मधल्या पायरीवरच. म्हणून हा धागा त्या पायरीपुरताच काढला आहे.

आधी प्रमाणाचा अंदाज घेऊ. क्ष-किरणांसाठी पदार्थाचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी असतो. ही तूट म्हणजे डेल्टा, आणि शोषणाशी निगडित काल्पनिक भाग म्हणजे बीटा. २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला पाण्याचा डेल्टा एक कोटीत सुमारे ५.८ इतका, तर बीटा एक हजार कोटीत सुमारे ४ इतका असतो, म्हणजे डेल्टा हजारपटीहून मोठा. ऊर्जा वाढवत नेली तर डेल्टा ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि बीटा त्याहून पुष्कळ वेगाने, साधारण चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. मऊ ऊतींसाठी अपवर्तनाकडे वळण्याचे कारण हेच आहे.

पण हजारपट मोठा म्हणजे मोजायला सोपा, असे नाही. राँटगेन यांनी १८९५ च्या आपल्या पहिल्याच निबंधात प्रिझम वापरून हे किरण वळतात का ते तपासले होते, आणि वळत असलेच तर अपवर्तनांक १.०५ पेक्षा अधिक नसावा, एवढेच त्यांना म्हणता आले. हवेत उभ्या असलेल्या पाण्याच्या गोल स्तंभाचे उदाहरण घ्या. मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ०.७ पट अंतरावरून जाणारा किरण डेल्टाच्या दुप्पट कोनाने वळतो, म्हणजे वरच्या ऊर्जेला सुमारे १.१५ मायक्रोरेडियन, आणि गंमत अशी की स्तंभाची त्रिज्या एक मिलिमीटर असो वा दहा, उत्तर तेच येते. शिवाजी महाराज टर्मिनस ते ठाणे हे अंतर ३४ किलोमीटर धरले, तर एवढ्या कोनाने वळलेला किरण ठाण्याला पोहोचेपर्यंत चार सेंटीमीटरही सरकणार नाही. स्नायू आणि पाणी यांच्या डेल्टामध्ये तर काही टक्क्यांचाच फरक असतो.

इतका लहान कोन तीव्रतेत उतरवण्याची, निदान समजावून सांगायला, सर्वांत स्वच्छ युक्ती अ‍ॅनालायझर स्फटिकाची आहे. नमुन्यातून बाहेर पडलेले किरण सिलिकॉनच्या निर्दोष स्फटिकावर पाडतात, आणि तो स्फटिक काही मायक्रोरेडियनच्या अरुंद पट्ट्यातलेच किरण परावर्तित करतो. स्फटिक हळूहळू फिरवत परावर्तित तीव्रता मोजली की मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरणारा आलेख मिळतो. त्याला रॉकिंग वक्र म्हणतात. शिखरावर उभे राहिले तर थोड्याशा वळणाने तीव्रतेत फारसा फरक पडत नाही, परंतु उतारावर अर्ध्या उंचीला स्फटिक रोखून ठेवला तर कोनातला बदल थेट तीव्रतेतला बदल बनतो. डाव्या उतारावर जो किरण उजळ दिसतो तोच उजव्या उतारावर तेवढाच मंद दिसतो, आणि शोषण मात्र दोन्हीकडे सारखेच राहते. त्यामुळे दोन प्रतिमांच्या बेरजेतून शोषण मिळते, तर वजाबाकीला बेरजेने भागून वक्राच्या उताराचा हिशेब लावला की अपवर्तनाचा कोन मिळतो. चॅपमन आणि सहकाऱ्यांनी ब्रुकहेवनच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या कणत्वरकावर) ही रीत वापरून १९९७ मध्ये प्रसिद्ध केली.

दोन प्रतिमा म्हणजे दोन समीकरणे, म्हणून अज्ञातेही दोनच चालतात. नमुन्यात फुफ्फुसासारखी बारीक पोकळ्यांची रचना असली तर रॉकिंग वक्रच रुंदावतो, तिसरे अज्ञात आत येते आणि तिसरी प्रतिमा घ्यावी लागते. टोमोग्राफीत, म्हणजे नमुना फिरवत अनेक कोनांतून प्रतिमा घेऊन त्यांतून आतले काप रचताना, हा हिशेब शेकडो कोनांनी गुणला जातो, आणि वेळ व किरणमात्रा दोन्ही त्याच पटीत वाढतात. प्रत्येक कोनाला दोन किंवा तीन प्रतिमा घेणे खरोखर अटळ आहे काय, यावर जाणकारांनी लिहावे.

कणाद_मुलुंड

एवढा खटाटोप मुळात हवा कशाला, असा माझा प्रश्न आहे. नमुना आणि डिटेक्टर यांच्यामध्ये पुरेसे अंतर ठेवले की कडा आपोआप उठून दिसतात; स्निगिरेव्ह यांनी १९९५ मध्ये ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर आणि विल्किन्स यांनी १९९६ मध्ये साध्या मायक्रोफोकस नळीवर (अगदी लहान बिंदूतून किरण सोडणाऱ्या नळीवर) ते दाखवले आहे. त्यावर पॅगॅनिन यांचा २००२ चा फिल्टर (तीव्रतेतून फेज काढणारी गणिती रीत) लावला की प्रत्येक कोनाला एकच प्रतिमा पुरते. स्फटिक नको, ग्रेटिंग (बारीक समांतर रेषांची जाळी) नको.

वडाळेकर

कणाद, तुमचे म्हणणे योग्य आहे, पण त्याला एक अट आहे. मोकळ्या अंतराच्या पद्धतीत तीव्रतेवर परिणाम होतो तो फेजच्या (लहरीच्या कलेच्या) वक्रतेचा, म्हणजे दुसऱ्या विकलजाचा. अपवर्तनाचा कोन हे पहिले विकलज आहे आणि ते तिथे थेट दिसत नाही. पॅगॅनिन यांची रीत एका प्रतिमेवर भागते, कारण नमुना एकाच पदार्थाचा आहे, निदान डेल्टा आणि बीटा यांचे गुणोत्तर सगळीकडे एकच आहे, असे ती धरून चालते. समीकरण एक आणि अज्ञाते दोन असताना उत्तर मिळाले, तर दुसरे अज्ञात आपणच हाताने भरले आहे, हे विसरून चालत नाही. प्लॅस्टिकचा फोम, मेणात बसवलेली ऊती अशा नमुन्यांसाठी मी स्वतः तीच रीत सुचवेन, कारण गोंगाट दाबण्यात तिचा हात धरणारे दुसरे काही नाही. परंतु हाड आणि त्याला लागून असलेला मगज एकाच चित्रात आले की मगजाला साजेसे गुणोत्तर घेतल्यास हाडाच्या कडेभोवती धुरकट वलय येते, आणि हाडाला साजेसे घेतल्यास मगजाच्या कडांवर पांढऱ्या-काळ्या रेषा उरतात. तिथे वेगळे मोजमाप हवेच.

पवई_तळे

ग्रेटिंगच्या बाजूने थोडे लिहितो, कारण प्रतिमांची संख्या तिथे आणखी वाढते. पहिल्या ग्रेटिंगमुळे तयार होणारे झालरीचे पट्टे काही मायक्रोमीटरचे असतात आणि सहसा डिटेक्टरच्या पिक्सेलला ते दिसत नाहीत. म्हणून सोन्याच्या रेषांचे दुसरे ग्रेटिंग त्यांच्यापुढे ठेवून ते आवर्तनाच्या ठरावीक अंशाने सरकवत जातात. प्रत्येक पिक्सेलमधली तीव्रता साइन वक्राप्रमाणे खालीवर होते. वक्राची सरासरी शोषण सांगते, त्याचे सरकणे अपवर्तन सांगते, आणि त्याची उंची घटली असेल तर ती विकिरणामुळे. तीन अज्ञाते असल्यामुळे कमीत कमी तीन पायऱ्या लागतात. व्यवहारात त्याहून अधिक घेतात.

वडाळेकर यांचाच पाण्याचा स्तंभ घेऊन हिशेब करू. दुसऱ्या ग्रेटिंगचे आवर्तन २ मायक्रोमीटर आणि दोन ग्रेटिंगमधले अंतर २० सेंटीमीटर असेल, तर १.१५ मायक्रोरेडियनच्या वळणाने झालर ०.२३ मायक्रोमीटर सरकते. साइन वक्राच्या भाषेत हे सुमारे ४१ अंश झाले, म्हणजे संकेत भरपूर आहे. आता गोंगाट पाहा. झालरीची दृश्यता (उजळ आणि मंद पट्ट्यांतल्या फरकाचे प्रमाण) २० टक्के आणि पिक्सेलमध्ये सगळ्या पायऱ्या मिळून १०,००० फोटॉन धरले, तर वक्राच्या सरकण्यातली अनिश्चितता सुमारे ४ अंश येते, म्हणजेच कोनात सुमारे ०.११ मायक्रोरेडियन. हवा आणि पाणी यांच्या सीमेला हे चालून जाते. स्नायू आणि पाणी यांच्या सीमेवर मात्र संकेतच ०.०६ मायक्रोरेडियनच्या आसपास असणार, आणि एकट्या प्रक्षेपात (एका कोनातून घेतलेल्या मोजणीत) तो बुडणार. शेकडो प्रक्षेप एकत्र आल्यावरच तो वर येतो. दृश्यतेला फोटॉनसंख्येइतकेच नव्हे, त्याहून अधिक महत्त्व आहे, कारण अनिश्चितता फोटॉनसंख्येच्या वर्गमुळाने घटते, पण दृश्यतेच्या थेट व्यस्त प्रमाणात असते. फायफर यांनी २००६ मध्ये उगमाजवळ तिसरे ग्रेटिंग बसवून साध्या नळीवर हे शक्य केले, तेव्हापासून प्रयोगशाळेत या पद्धतीचा प्रसार झाला.

शुभदा_शीव

मी या विषयात नुकतेच संशोधन सुरू केले आहे. वडाळेकर सरांच्या प्रश्नाला मला वाचनात एक उत्तर सापडले आणि त्यावरच अडले आहे. पेइपिंग झू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे मांडले की टोमोग्राफीत नमुना १८० अंश फिरतोच, मग उताराच्या एकाच बाजूला राहून शून्य अंशाची प्रतिमा आणि १८० अंशांची आरशात उलटवलेली प्रतिमा घ्यावी. शोषण दोन्हींत सारखे आणि अपवर्तन विरुद्ध चिन्हाचे असल्यामुळे तीच बेरीज-वजाबाकी करता येते. आमच्या गटाकडे एका सिंक्रोट्रॉनवरची अ‍ॅनालायझर स्फटिकाची मोजणी आहे. नमुना उभ्या अक्षाभोवती फिरतो आणि स्फटिक किरणांना उभ्या प्रतलात परावर्तित करतो. या मोजणीतल्या अशा जोड्यांची वजाबाकी केली तर जवळजवळ काहीच उरत नाही. संरेखनात काही चुकत असावे काय?

जुना_ट्रॉम्बेकर

शुभदाताई, संरेखन चांगले आहे म्हणूनच काही उरत नाही. अडचण भूमितीची आहे.

तुमचा स्फटिक उभ्या दिशेतले वळण ओळखतो आणि तुमचा अक्षही उभाच आहे. नमुना अर्धा फिरला की डावे-उजवे बदलते, वर-खाली बदलत नाही. समोरून पाहिले किंवा मागून पाहिले, तरी वरच्या दिशेला वळणारा किरण वरच वळणार. म्हणून तुमच्या मोजणीत अपवर्तन हे शोषणासारखेच वागते, दोन्ही बाजूंनी त्याचे चिन्ह एकच राहते, आणि झू यांच्या रीतीत ज्या विरुद्धपणावर सगळी भिस्त आहे तोच इथे नाही. ती रीत चालण्यासाठी ओळखली जाणारी दिशा फिरण्याच्या अक्षाला लंब असावी लागते. तुमच्या मांडणीत डाव्या आणि उजव्या, अशा दोन्ही उतारांवर प्रतिमा घेण्याला पर्याय नाही.

हा फरक पुढे पुनर्रचनेतही शिरतो, आणि तिथे तो अधिक महत्त्वाचा आहे. दिशा अक्षाला लंब असेल तर प्रत्येक प्रक्षेप हा डेल्टाच्या रेषीय बेरजेचा आडवा उतार असतो. तो आधी संकलित करून मग नेहमीचा फिल्टर लावण्याची गरज नाही. नेहमीच्या रॅम्प फिल्टरच्या (बारीक तपशील उठवणाऱ्या गणिती गाळणीच्या) जागी हिल्बर्ट फिल्टर लावून उलट प्रक्षेपण (प्रत्येक प्रक्षेप आपल्या कोनातून मागे पसरवून काप रचणे) केले की थेट डेल्टा मिळतो. ओळीओळीने संकलन केले तर प्रत्येक ओळीतली चूक साचत जाते आणि चित्रभर आडवे पट्टे येतात. ते यात टळते. तुमच्यासारखी दिशा अक्षाला समांतर असेल, तर मोजलेला कोन हा 'डेल्टाचा उभ्या दिशेतला उतार' या राशीची रेषीय बेरीज असतो. ही राशी नमुना फिरवल्याने बदलत नाही, म्हणून तिच्यासाठी नेहमीचाच रॅम्प फिल्टर चालतो, परंतु हाती येतो तो डेल्टा नव्हे, त्याचा उभा उतार. या ठिकाणी चुकून हिल्बर्ट लावलेली चित्रे मी पाहिली आहेत; ती इतकी गुळगुळीत दिसतात की बरोबर वाटतात.

तुमच्या मांडणीचा एक फायदाही सांगतो. नमुना सरळ उभ्या परीक्षानळीत असेल, तर नळीची भिंत अक्षाला समांतर असल्यामुळे तिचे उभे अपवर्तन शून्य, आणि ती चित्रातून जवळजवळ नाहीशी होते. लंब मांडणीत हीच भिंत सर्वांत प्रबळ संकेत देते आणि तिच्या कडेला वळण इतके मोठे होते की किरण रॉकिंग वक्राच्या पार बाहेर पडतो. याच कारणाने लंब मांडणीत नमुना पाण्यात बुडवून सपाट भिंतींच्या स्थिर पेटीत ठेवतात.

सिंक्रोट्रॉनवर उभे प्रतल का निवडतात, हेही लक्षात घ्यावे. किरणांचा फाकवा उभ्या दिशेत फार कमी असतो, आणि प्रकाश आडव्या दिशेत ध्रुवीभूत असल्यामुळे उभ्या परावर्तनात तीव्रता वाया जात नाही. झू यांची रीत वापरायचीच असेल, तर फिरण्याचा अक्ष आडवा करावा लागेल, आणि मऊ नमुना आडवा धरून फिरवला की तो स्वतःच्या वजनाने दर कोनाला वेगळा झुकतो.

कणाद_मुलुंड

हे वाचून एक शंका आली. झू यांच्या रीतीत जोडीतल्या दोन प्रतिमा एकामागून एक न येता अर्ध्या फेरीच्या अंतराने येतात. मधल्या काळात नमुना सुकला किंवा हलला तर?

पवई_तळे

तर चूक अपवर्तनाचाच वेष घेऊन येते, आणि हाच त्या रीतीचा खरा धोका आहे. आरशात उलटवलेली प्रतिमा अर्ध्या पिक्सेलनेही बाजूला बसली, तर शोषणाच्या प्रत्येक कडेवर वजाबाकीत एक खोटी रेषा उरते, आणि अपवर्तनाचा संकेतही नेमका कडांवरच असतो. त्यामुळे अक्षाची जागा पिक्सेलच्या अंशापर्यंत काढावी लागते. शिवाय ही समरूपता समांतर किरणांपुरतीच नेमकी आहे. नळीतून पंख्यासारखे पसरणारे किरण असतील तर उलट बाजूचा जोडीदार किरण वेगळ्या कोनाच्या प्रक्षेपात शोधावा लागतो, आणि शंकूसारख्या झोतात मधले प्रतल सोडून असा जोडीदार मिळतच नाही. सिंक्रोट्रॉनवरच्या घट्ट, न सुकणाऱ्या नमुन्यांसाठी रीत उत्तम आहे. प्रयोगशाळेतल्या नळीवर मी पायऱ्याच घेईन.

परळ_तंत्रज्ञ

मी रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे, त्यामुळे गणिताचा भाग पूर्ण कळला असे म्हणणार नाही. आमच्याकडे येणारे विक्रेते 'फेज काँट्रास्ट आले की मात्रा कमी होईल' असे सांगतात. सीटीच्या बाबतीत ते खरे मानावे काय?

वडाळेकर

सरसकट खरे मानू नये. कारण पुन्हा फिल्टरमध्येच आहे. शोषणाच्या सीटीत रॅम्प फिल्टर बारीक तपशिलाबरोबर बारीक गोंगाटही वाढवतो, म्हणून तिथला दाणा बारीक असतो. हिल्बर्ट फिल्टर सर्व वारंवारितांना सारखेच वागवतो, आणि उलट प्रक्षेपणानंतर कमी वारंवारितांचा गोंगाट वरचढ ठरतो. चित्रात तो मोठमोठ्या ढगाळ डागांच्या रूपात दिसतो. परिणामी पिक्सेल जितका बारीक, तितका अपवर्तनाचा फायदा अधिक, आणि रुग्णाच्या सीटीतल्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या तपशिलाला तो फायदा पुष्कळ आटतो. मोमोसे यांनी १९९६ मध्ये सशाच्या यकृतातील कर्करोग याच तंत्रकुळाने दाखवला तो लहान तुकड्यात, आणि तोही स्फटिकांच्या इंटरफेरोमीटरने.

रुग्णांपर्यंत हे तंत्र पोहोचलेच नाही, असे मात्र नाही. त्रिएस्तेच्या एलेट्रा सिंक्रोट्रॉनवर २००६ पासून स्त्रियांची फेज काँट्रास्ट मॅमोग्राफी झाली, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील गटाने २०२१ मध्ये सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन फुफ्फुसविकाराच्या) रुग्णांच्या छातीच्या डार्क-फील्ड प्रतिमांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यातली दुसरी गोष्ट बोलकी आहे, कारण तिथे उपयोगी पडले ते अपवर्तन नव्हे, तर पवई_तळे यांनी सांगितलेल्या साइन वक्राची घटलेली उंची. फुफ्फुसातल्या वायुकोशांमुळे निरोगी भाग उजळ दिसतो आणि वायुकोश नष्ट झाले की ती चमक जाते.

यंत्रशाळा_कुर्ला

गणित ठीक, पण तापमानाचा उल्लेख कुणीच केला नाही. ग्रेटिंग धरणारा पोलादी आधार २० सेंटीमीटरचा असेल आणि त्याचे तापमान ०.१ अंशाने बदलले, तर तो सुमारे ०.२४ मायक्रोमीटर वाढतो. पवई_तळे यांनी पाण्याच्या स्तंभासाठी झालर सरकण्याचा आकडा ०.२३ दिला आहे. म्हणजे ही वाढ झालरीला आडवी आली, तर वातानुकूलन यंत्र एकदा चालू-बंद होण्यात नमुन्याइतकाच 'संकेत' तयार होतो. पावसाळ्यात यंत्र सतत चालते तेव्हा स्थिती उलट बरी असते. त्रास होतो तो डिसेंबर-जानेवारीत, यंत्र थोडा वेळ चालून थांबते तेव्हा. पोलादाऐवजी इन्व्हार (उष्णतेने फारच कमी प्रसरण पावणारा मिश्रधातू) वापरावे, मापनाच्या आधी काही तास खोली बंद ठेवावी, आणि प्रत्येक प्रक्षेपात नमुन्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या हवेची पट्टी ठेवून तिथला कोन शून्य धरावा. ही पट्टी नसेल तर नंतर कोणत्याही आज्ञावलीने शून्य सापडत नाही.

जुना_ट्रॉम्बेकर

पट्टीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. हिल्बर्ट फिल्टर शून्य वारंवारितेला शून्यानेच गुणतो, म्हणून डेल्टाचा सरासरी आकडा मोजणीत येतच नाही. तो हवेच्या किंवा पाण्याच्या ज्ञात मूल्यावरून ठरवावा लागतो.

शुभदा_शीव

खुलाशाबद्दल आभारी आहे. दोन्ही उतारांवरची मोजणी आमच्याकडे आहे, ती वापरते. मग उभ्या उताराच्या कापांवरून डेल्टा काढायचा तर एकेका कापाची बेरीज करत वर जायचे, हे कळले. पण सुरुवात कुठून करावी? आमच्या मोजणीत पहिला कापच नमुन्याच्या आत येतो.

जुना_ट्रॉम्बेकर

त्या मोजणीतून डेल्टाचे निरपेक्ष मूल्य मिळणार नाही. एकाच उभ्या रेषेवर वर-खाली झालेला बदल तेवढा विश्वासाने सांगता येईल, आणि शेजारच्या दोन रेषांची तुलना पहिल्या कापात दोन्हीकडे एकच ऊती आहे हे अन्य मार्गाने ठाऊक असेल तरच करावी. पुढच्या वेळी नमुन्याच्या वर आणि खाली निव्वळ पाण्याचे, म्हणजे ज्यात नमुन्याचा अंशही नाही असे, काही काप घ्यावेत. खालच्या पाण्यापासून बेरीज सुरू करावी. वरच्या पाण्याशी पोहोचल्यावर फरक शून्य यायला हवा. जो उरेल तो साचलेल्या चुकीचा आकडा, आणि तो दोन टोकांमध्ये उंचीच्या प्रमाणात वाटून टाकता येतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ वर उभारलेली इमेजिंग बीमलाइन आपल्याला सर्वांत जवळची. पुढची मोजणी तिथे होणार असेल तर हे पाण्याचे काप परतीची अवंतिका एक्सप्रेस पकडण्याआधी तपासून घ्या, आणि दोन्ही उतारांवर नमुन्याविना घेतलेल्या प्रतिमा प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा साठवा.